सुकाणूचं काम कुपवाडला का येत नाही?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जहाजांची सुकाणू आणि ती फिरवणारी यंत्रं यांचा जागतिक बाजार किती अब्ज डॉलरचा, याची बातमी तुमच्या अर्थविषयक पानावर वाचली. उत्सुकता म्हणून मुलाकडून मोबाइलवर असे आणखी दोन अहवाल काढून घेतले, तर तिघांचे आकडे तीन तऱ्हांचे. तेव्हा अब्जांचं राहू द्या. मी सांगलीच्या कुपवाड एमआयडीसीत 33 वर्षं लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं यंत्र, चालवतोय. या बाजाराचं जे एक टोक माझ्या हाताला लागलं, तेवढंच लिहितो.

आमचं मुख्य काम साखर कारखान्यांचं. ऊस पिळणारे मिलचे रोलर, त्यांचे शाफ्ट, शाफ्ट टेकतो तो जर्नल, त्याखालचं बेअरिंग म्हणजे ब्रास. गाळप संपलं की एप्रिलपासून दारात ट्रक लागतात आणि पार दसऱ्यापर्यंत जेवायला सवड नसते. कारखान्याचा बॉयलर पेटला की आम्ही थंड. 6 मीटर बेडची लेथ चार-पाच महिने फुटकळ कामं करत बसते. 11 माणसांचा पगार मात्र बारा महिन्यांचा.

आता जहाजाचं सुकाणू घ्या. पाण्यात असतं ते पातं. ते ज्या उभ्या दांड्याने फिरतं, तो रडर स्टॉक: फोर्जिंगचा, म्हणजे ठोकून घडवलेला शाफ्ट, टोकाला टेपर म्हणजे निमुळता, चावीची खाच, वरच्या अंगाला तो फिरवणारा आडवा हात म्हणजे टिलर. पात्याच्या बिजागरीची खीळ म्हणजे पिंटल आणि ती ज्यात फिरते ते नळकांडं म्हणजे बुश. सुकाणूचं ड्रॉइंग पाहून आमचा जुना फिटर म्हणाला, "मालक, हा तर उभा केलेला रोलर!" मला तरी यात चूक दिसत नाही. मोठ्या कंटेनर जहाजाचं नुसतं पातं शंभर टनांच्या पुढं जातं, त्याच्या वाटेला आम्ही जाणार नाही. पण बार्ज (माल वाहणारी सपाट बोट), टग (जहाजं ओढणारी बोट), मच्छीमार ट्रॉलर यांचे पिंटल-बुश आमच्या लेथवर आरामात बसतात.

2016 साली कोकणातल्या एका यार्डाकडून ओळखीने चौकशी आली. बार्जचे दोन पिंटल, बुशांसकट. मी बाजारातून फोर्ज केलेला गोल बार आणला, टर्निंग केलं, ग्राइंडिंग केलं. मायक्रोमीटर लावून त्यांच्या माणसाने मापं तपासली, मान डोलावली आणि विचारलं, "हीट नंबर कुठाय?" लोखंड कुठल्या भट्टीतलं, त्याचा तुकडा ओढून कुणी तोडून पाहिला, आतली चीर शोधणारी अल्ट्रासॉनिक चाचणी कुणासमोर झाली, याचा कागद नाही आणि जहाजं तपासून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचा, म्हणजे क्लास सोसायटीचा, शिक्काही नाही. माल परत. जाण्यायेण्याचा टेम्पोही माझ्याच खिशातून. घाटातली वळणं मोजत परत आलो तेव्हा त्या यार्डाला मनात बऱ्याच शिव्या दिल्या, हे कबूल करतो.

पुढं पुतण्या मर्चंट नेव्हीत थर्ड इंजिनिअर झाला आणि माझा राग उतरला. त्याने व्हिडिओ कॉलवर जहाजाच्या पार मागची, सुकाणू फिरवणाऱ्या यंत्राची खोली दाखवली. दोन पंप, तेलाचे सिलिंडर, टिलरला ढकलणारे रॅम. भरलेलं जहाज पूर्ण वेगात असताना सुकाणू एका बाजूच्या 35 अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या 30 अंशांपर्यंत 28 सेकंदांत गेलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम. बंदर सोडण्याआधीच्या 12 तासांत चाचणी सक्तीची. 16 मार्च 1978 ला 'अमोको कादिझ' टँकरवर याच यंत्राच्या तेलाच्या नळीचे स्टड (आटे पाडलेले बोल्ट) तुटले, तेल वाहून गेलं, सुकाणू हातचं गेलं आणि जहाज फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरच्या खडकांवर चढलं. सव्वादोन लाख टनांच्या आसपास तेल समुद्रात. नंतर नियम कडक झाले; मोठ्या टँकरवर आता तेलाची एक वाट फुटली तर 45 सेकंदांत सुकाणू पुन्हा ताब्यात यावं लागतं. स्टड म्हणजे आम्ही दिवसाला पन्नास पाडतो ती वस्तू. तेव्हा कागद मागणारा माणूस बरोबर होता.

म्हणून माझं म्हणणं कागद नको असं नाही. तो कागद आमच्यापर्यंत पोचत नाही, असं आहे. जगातली नव्वद टक्क्यांहून जास्त जहाजबांधणी चीन, दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये होते. मोठी सुकाणू-यंत्रं जर्मनी, नॉर्वे, जपान, कोरियातल्या ठरलेल्या कंपन्यांची. जहाजाचा करार होतानाच 'मेकर्स लिस्ट', म्हणजे कुणाचा माल घ्यायचा ती यादी, ठरते, त्यात नाव नसलं तर दर विचारायलाही कुणी येत नाही. तिथं आम्ही शिरणार नाही. पण जहाज पंचवीसेक वर्षं चालतं, पाच वर्षांत दोनदा त्याचा तळ तपासावा लागतो. ते ड्रायडॉकला, म्हणजे कोरड्या गोदीत आलं की बुशांची झीज मोजतात आणि ढिले झालेले बदलतात. हे काम हंगाम पाहत नाही, आणि आमच्या रिकाम्या महिन्यांना तेच हवंय.

केंद्राने सप्टेंबर 2025 मध्ये जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. चांगलं झालं. पण यार्डाला मिळालेला पैसा घाट चढून कुपवाडला आपोआप येत नाही. सर्व्हेअरची, म्हणजे क्लास सोसायटीच्या तपासनिसाची एक फेरी, त्याचा प्रवास, चाचणीचे तुकडे, हे सगळं चार पिंटलवर टाकलं तर पिंटल चांदीचे होतात. इंडियन रजिस्टर ऑफ शिपिंग ही आपली स्वतःची क्लास सोसायटी 1975 पासून आहे. तिचा सर्व्हेअर महिन्यातून एक ठरलेला दिवस कुपवाड-मिरजेला यावा, वीस वर्कशॉपनी त्याचा खर्च वाटून घ्यावा, आणि हीट नंबरसह फोर्जिंगचा माल छोट्या लॉटमध्ये मिळेल असं एक सामायिक गोदाम एमआयडीसीत असावं. जागा आणि पहिल्या वर्षाचा भार उद्योग खात्याने उचलावा. उद्योजकांच्या बैठकीत हे बोललो तर मागून कुणीतरी म्हणालं, "कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली जहाज आणताय काय?" सगळे हसले. मीही हसलो.

सांगलीच्या विश्रामबागेत ज्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, ते शेठ वालचंद हिराचंद सोलापूरचे. तिथंही समुद्र नाही. त्यांनी विशाखापट्टणमला जहाजांचा कारखाना काढला आणि 1948 मध्ये तिथलं 'जलउषा' जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरलं. बैठकीत हे वेळेवर सुचलं नाही, म्हणून पत्रात लिहितोय.

त्या दोनांपैकी एक पिंटल अजून आमच्या ऑफिसच्या दाराला टेकण म्हणून आहे. उद्योग खात्यातल्या कुणाला माप घेऊन पाहायचं असेल तर यावं. मायक्रोमीटर आमचा.

आपला,
एक लेथवाला, कुपवाड (जि. सांगली)