कार्बन फायबरच्या कातरणीसाठी एक सामायिक भट्टी हवी

मा. उद्योगमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, सादर नमस्कार.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात मी ड्रोनचे सांगाडे आणि कृत्रिम पायांची पाती बनवते. त्यासाठी लागणारं कार्बन फायबरचं, म्हणजे कार्बनच्या धाग्यांचं, कापड उणे १८ अंशांवर ठेवावं लागतं; त्यात इपॉक्सी हे तापवल्यावर घट्ट होणारं रेझिन (चिकट राळ) मुरवलेलं असतं. त्याची कातरण आणि मुदत संपलेले रोल गोण्यांत भरून माळ्यावर साचलेत. भंगारवाला त्यांना हात लावत नाही. कचऱ्याच्या गाडीत टाकायला मी धजत नाही, कारण हा धागा कुजत नाही आणि त्याची धूळ वीज वाहून नेते. एकदा ती मशीनच्या पॅनेलमध्ये शिरली आणि सर्किट जळालं.

एक किलो नवा धागा तयार करायला १८३ ते २८६ मेगाज्यूल ऊर्जा लागते, असं अभ्यास सांगतात. कातरण ऑक्सिजनविना ४५० ते ६०० अंशांवर तापवली की इपॉक्सीचा वायू होतो आणि धागा मागे उरतो. त्याला खर्च होणारी ऊर्जा याच्या एका लहानशा अंशाइतकी असते.

मोकळा झालेला हा धागा आखूड आणि कापसासारखा विस्कटलेला असतो. मग त्याला पिंजावं लागतं. माझे वडील लालबागच्या गिरणीत कार्डिंग, म्हणजे पिंजण, खात्यात होते, म्हणून हे काम मला परकं वाटत नाही. कार्बनचा धागा गुळगुळीत आणि ठिसूळ. पिंजणाऱ्या मशीनच्या दातांत तो घसरतो, तुटतो. त्यात नायलॉनचे धागे मिसळले तर ते त्याला धरून ठेवतात, आणि पुढे गरम प्रेसमध्ये तेच नायलॉन वितळून कार्बनला बांधून घेतं आणि पत्रा तयार होतो. इपॉक्सी एकदा घट्ट झालं की पुन्हा वितळत नाही. नायलॉन वितळतं, म्हणून या पत्र्याचा जुना भाग नव्या साच्यात घालता येतो. विमानाच्या पंखाला लागणारी ताकद आखूड धाग्यात नसते, हे मी मान्य करते. पण आसनाचं कवच, बॅटरीचं झाकण, यंत्राचं आवरण यांना तो पुरतो.

हे माझ्या गाळ्यात होणार नाही. भट्टीतून निघणारा वायू जाळूनच बाहेर सोडावा लागतो, हवा जरा जास्त गेली की धागा कमजोर होतो, आणि माझ्या एकटीच्या गोण्यांत भट्टी आठवडाभरही चालणार नाही. आमच्यासारख्या छोट्या कारखान्यांचा माल एकत्र आला तर चालेल.

म्हणून विनंती आहे: मुंबईजवळच्या एखाद्या एमआयडीसीत सामायिक सुविधा केंद्र उभारा. तिथे भट्टी, कार्डिंग मशीन आणि ताकद तपासायची सोय असू द्या. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पवईची आयआयटी हाकेच्या अंतरावर आहेत, त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्या. कार्डिंग जाणणारे जे थोडे हात अजून आहेत, त्यांनाही बोलवा.

माझ्या प्रत्येक गोणीवर रेझिनचा प्रकार आणि तारीख लिहिलेली आहे. भट्टी सुरू होईल त्या दिवशी मी पहिली गाडी भरून आणीन.

आपली नम्र,
साकीनाक्याची एक लघुउद्योजिका