सुकत्या रंगाच्या कडेचे गणित

महोदय,

चाळीस वर्षे जलरंग शिकवताना मुलांना एकच बजावत आलो : ओल्या वॉशला, म्हणजे कागदावर पसरलेल्या पातळ रंगाच्या थराला, हात लावू नका. रंगाचे कण पाण्याबरोबर कडेला सरकतात आणि सुकताना तिथे गडद रेघ उमटते. वॉशिंग्टन विद्यापीठातील कॅसिडी कर्टिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीच रेघ संगणकावर उमटवली. वरून वाहणारे पाणी, कागदावर बसणारे रंगकण, आत झिरपणारा ओलावा असे तीन थर त्यांनी वेगळे मांडले. कागदाचा खडबडीतपणासुद्धा! वाचून मी हरखून गेलो. माझ्या नातीच्या ॲनिमेशनच्या वर्गात मात्र दोन वर्षांत ब्रश एकदाही भिजला नाही. कला महाविद्यालये आणि संगणक विभागांनी असे संशोधन एकत्र करावे. जलरंगाची परंपरा जपणाऱ्या कोल्हापुरातच सुरुवात व्हावी.

– एक निवृत्त चित्रकला शिक्षक, कोल्हापूर