ते चित्र रविवर्म्याचे नव्हे, हळदणकरांचे

महोदय,

दिवाळी आली की एक चित्र हमखास फिरू लागते. जांभळट साडीतली तरुणी, एका हातात दिवा, दुसऱ्या तळव्याचा ज्योतीला आडोसा. खाली नाव मात्र राजा रविवर्म्याचे! यंदा घरी आलेल्या एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवरही तेच.

रविवर्मा १९०६ साली गेले. चित्रातली गीता तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती. तिचे वडील सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी लेकीच्याच हाती दिवा देऊन तिला उभे केले आणि ‘ग्लो ऑफ होप’ रंगवले. या गीताताई उपळेकर कोल्हापुरात २०१८ मध्ये वारल्या, वयाच्या १०२व्या वर्षी. म्हणजे अगदी काल-परवापर्यंत कुणीही जाऊन त्यांनाच विचारू शकले असते.

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि ते जलरंगातले आहे. चित्रकलेचा मास्तर म्हणून मला इथे थोडे थांबावेसे वाटते. तैलरंगात उजेड मागाहून वर चढवता येतो. जलरंगात उजेड म्हणजे कागदाचाच पांढरेपणा; तो आधीपासून राखावा लागतो. तिथे एकदा कुंचला फिरला की गेला. त्या तळव्याच्या कडा आणि बोटांच्या फटी नीट पाहा. ज्योत दिसत नाही, पण तिची लाली बोटांतून झिरपताना दिसते. ग्रेड परीक्षेला बसणाऱ्या पोरांना मी हा हात कितीदा दाखवला असेल! काढायला सांगितला की निम्मी पोरे बोटांना थेट केशरी रंग फासतात.

हळदणकर स्वतःही शिकवणारेच. १८८२ साली सावंतवाडीत जन्मलेला हा माणूस मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकला आणि १९०८ मध्ये त्याने मुंबईतच स्वतःची चित्रकलेची इन्स्टिट्यूट काढली. १९१८ मध्ये आर्ट सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करणाऱ्यांतही ते होते. १९६८ साली गेले. आमच्या सिंधुदुर्गातसुद्धा हे नाव घेतले की ‘कोण हो ते?’ असे विचारतात, आणि चित्र दाखवले की म्हणतात, ‘हां, ते रविवर्म्याचे ना!’

पतसंस्थेला चूक कळवली. ‘पुढच्या वर्षी बघू,’ असे उत्तर आले. आपल्या दिवाळी पुरवणीत हे चित्र घ्याल तेव्हा खाली तेवढे एस. एल. हळदणकर असे छापावे, ही विनंती.

– एक निवृत्त कलाशिक्षक, कुडाळ