टेप माझ्याही हातात देणाऱ्या सिस्टरना

सिस्टर,

दिवसभरात तुमच्यासमोर इतक्या जणी येतात, की मी लक्षात असण्याचं काही कारण नाही. विसावा आठवडा, पहिलटकरीण, सोनोग्राफीच्या रिपोर्टच्या घड्या घालून घालून कागद मऊ केलेली, ती मी.

रिपोर्ट चांगला होता, पण बाळाची हालचाल काही कळत नव्हती. मैत्रिणीला अठराव्यातच कळली होती. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी ‘होईल गं’ म्हणून विषय संपवला. तुम्ही मात्र रिपोर्टमधल्या एका ओळीखाली बोट ठेवलंत. वार, म्हणजे प्लासेंटा, पुढच्या बाजूला. "हलतंय हो ते. मधे वारेची उशी आहे, म्हणून जाणवत नाही. कडेला, खाली जांघेकडे लक्ष ठेवा. चोविसाव्यापर्यंत काहीच कळलं नाही, तर मात्र वाट बघत बसायचं नाही, दाखवायला यायचं."

मग टेप घेतलीत. खालच्या हाडापासून वर मोजत गेलात आणि माझीच बोटं बेंबीपाशी दाबलीत. तिथे खरंच एक गोल, टणक कड लागली. गर्भाशयाचं टोक! 20 सेंटिमीटर. इथून पुढे आठवड्याला साधारण एकेक, म्हणालात. आत टाळूपासून टाचेपर्यंत जेमतेम 25 सेंटिमीटरचं, 300 ग्रॅमच्या आसपासचं बाळ, अंगभर लव असलेलं.

बाकीच्या तक्रारीही तुम्ही झटकल्या नाहीत. शिंकताना जांघेत येणारी कळ म्हणजे गर्भाशयाचे ताणलेले बंध. पटकन उठलं की चक्कर, कारण रक्तवाहिन्या सैलावून बीपी उतरतं. हिमोग्लोबिन थोडं खाली आलं, कारण रक्तातलं पाणी पेशींपेक्षा जास्त वाढतं. "म्हणून गोळ्या चुकवायच्या असं नाही हं!" हेही लगेच. आणि गर्भजल आता बहुतेक बाळाची लघवीच असते, आणि ते तेच पितं, हे ऐकून मी तपासणीच्या टेबलावर इतकी हसले की टेप सरकली.

बाविसाव्या आठवड्यात, रात्री डाव्या कुशीवर पडले होते. उजवीकडे, अगदी खाली, डोळ्याची पापणी फडफडावी तसं काहीतरी झालं. थांबलं. पुन्हा झालं. तुम्ही सांगितलेल्याच जागी. नवऱ्याला उठवलं, तर त्याच्या हाताला काही लागेना. बिचारा बराच वेळ हात ठेवून तसाच झोपला.

त्यासाठी हे पत्र, सिस्टर. मनापासून आभार. पुढच्या तपासणीला वही घेऊन येतेय, दोन पानं प्रश्नांनी भरलीत.