आबांना पत्र

ओरेम, युटा

ती. आबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "त्या लोकांच्या नादी तर लागली नाहीस ना?" मम्मीनं लगेच विषय बदलला, पण तुमच्या आवाजातली काळजी मला दिवसभर पुरली. म्हणून सविस्तर लिहिते.

मी ज्यांच्या तळघरात भाड्यानं राहते ती माणसं मॉर्मन पंथाची आहेत. हे नाव त्यांना स्वतःला आता आवडत नाही, पण नगरमध्ये त्यांना ह्याच नावानं ओळखतील. त्यांचं मुख्य ठाणं सॉल्ट लेक सिटीत आहे. प्रोव्हो शहरातलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ त्यांचंच, 1875 सालचं. मालकीणबाईंचा धाकटा मुलगा तिथल्या सिंथेसिस नावाच्या जॅझ बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवतो. वरातीत ब्रास बँडवाला पितळी नळी पुढेमागे सरकवतो ना, तेच वाद्य.

ह्या मुलानं अठराव्या वर्षी शिक्षण थांबवलं आणि दोन वर्षं ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून काढली. त्यांच्यात बरीच मुलं जातात. कुठं पाठवायचं ते मंडळी, म्हणजे त्यांचं चर्च, ठरवते, खर्च घरच्यांचा. पांढरा शर्ट, छातीवर काळी नावपट्टी, कायम जोडीदाराबरोबर फिरायचं आणि दारं ठोठवायची. ट्रॉम्बोन घरी पेटीत पडून होता. परत आल्यावर दहा मिनिटं वाजवलं की ओठ थरथरायचे, सूर फाटायचा. ओठांच्या कडांना पुन्हा बळ यायला महिने लागले, असं मालकीणबाई सांगत होत्या. खालच्या खोलीत मी रोज त्याचे लांब सूर ऐकायचे. एकच सूर, श्वास संपेपर्यंत. तुमचा पहाटेचा खर्ज आठवायचा.

आता बँडबरोबर तो पुन्हा परदेशात जाणार आहे, ह्या वेळी वाद्य घेऊन. निघण्याआधी विद्यापीठात त्यांचा कार्यक्रम झाला, मीही गेले होते. आबा, दीड तास नुसतं संगीत. प्रवचन नाही, साक्ष नाही, देवाचं नावसुद्धा नाही. मला नवल वाटलं, कारण त्याच्या तोंडून मी ऐकलं होतं की हे दौरे मिशनच्याच कामाचे असतात. घरी आल्यावर विचारलं, तेव्हा त्यानं नीट समजावलं. दौऱ्यात रंगमंचावर फक्त वाजवायचं. पण त्या शहरातले मिशनरी ओळखीच्या लोकांना कार्यक्रमाला घेऊन येतात. एरवी जे दार उघडत नाहीत ते गाण्याला येतात. कार्यक्रम संपला की वाजवणारी मुलं बाहेर येऊन लोकांशी बोलतात. ज्याला मंडळीबद्दल काही विचारायचं असेल तो विचारतो, बाकीचे घरी जातात. कधी रविवारी संध्याकाळी तिथल्या चर्चमध्ये लहानशी सभा होते. तिथं मात्र गीतं म्हणतात, एखाददुसरा आपल्या विश्वासाबद्दल बोलतो. आणि चीनमध्ये, जिथं मिशनचं काम करायला मनाई आहे, तिथंही ह्या विद्यापीठाची पथकं 1979 पासून गेली आहेत. तिथं वाजवायचं आणि परत यायचं.

मी स्पष्टच विचारलं, "मग हे गाणं म्हणजे आमिष झालं की!" तो नळीला तेल लावत होता. खाली टॉवेल पसरलेला, नळीतलं पाणी त्याच्यावर टपकत होतं. थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "ब्राझीलमध्ये मी बोलायला लागलो की लोक घड्याळाकडे बघायचे. वाजवताना मी त्यांच्याकडे काहीच मागत नाही. म्हणून तेही माझ्याकडे बघतात."

मला ते पटलं. त्यांची शिकवण मला पटत नाही, ती गोष्ट वेगळी. ते बायबलबरोबर आणखीही ग्रंथ मानतात. तिथं माझी वाट त्यांच्यापासून वेगळी होते आणि ते मी मालकीणबाईंना सांगितलं आहे. दर रविवारी मी प्रोव्होच्या एका लहानशा चर्चमध्ये जाते, प्रभुभोजन घेते. तेवढी निश्चिंती ठेवा.

पण आबा, त्या रात्री मला आपलंच आठवत राहिलं. 1831 साली अमेरिकेचे मिशनरी नगरला आले, तेव्हा त्यांची गीतं त्यांच्या चालीत होती. आपले लोक भिंतीला टेकून ऐकायचे, डोलायचे नाहीत, असं तुम्ही सांगायचात. मग कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि 1895 साली कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाल्यावर अभंगाची चाल आपल्या चर्चमध्ये हक्कानं बसली. जे बाहेरून आलं ते आपल्या सुरात आलं तेव्हाच आपलं झालं. त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, नुसतं आपलं वाजवून येऊ नका, जिथं जाल तिथलं एखादं गाणं त्यांच्याकडून शिका, ते लोक शिकवतील. त्यानं वहीत लिहून घेतलं.

मग मागच्या नाताळात पप्पांनी पाठवलेलं तुमचं भजन मी मोबाईलवर लावलं. तीनदा ऐकलं त्यानं. चौथ्यांदा ट्रॉम्बोन उचलला. आबा, त्या वाद्याला पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. नळी सरकवाल तसा सूर सरकतो. तुम्ही "प्रभो" म्हणताना खालून जी मींड घेता, ती त्यानं नळी हळूहळू आत घेत बरोब्बर पकडली. मी जिन्यावर बसले होते, तिथंच रडले. मालकीणबाई वरून धावत आल्या, काय झालं म्हणून. त्यांना काय सांगणार? मी सरळ त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

पुढचं त्याला जमत नाही. रेकॉर्डिंगमध्ये झांजा फार मोठ्या आल्या आहेत आणि अंतऱ्यात तुमचा सूर त्यात बुडतो. म्हणून एक काम सांगते. अंग बरं असेल त्या दिवशी, पेटीशिवाय कुणालाच साथीला न घेता, तेच भजन सावकाश म्हणा. धाकट्याला मोबाईल समोर धरायला सांगा. दुसरं कडवं दोनदा घ्या. आणि तुम्ही पांढरी चार धरता की काळी एक, तेवढं लिहून पाठवा. तो विचारतोय, आणि मला आठवत नाही.

आजीला आणि सगळ्यांना सलाम.

तुमची,
बेबी