वॉकर पाठवू नका

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, ही कसली परदेशी संस्था, जिची वर्गणी भरलीस? तेव्हा मी कुकरचं निमित्त करून फोन ठेवला, कारण सांगायला बसले असते तर तुम्ही बाळासाठी पाठवणार म्हणता त्या वॉकरचा विषय निघालाच असता. आता दोन्ही एकदमच लिहिते.

संस्थेचं नाव लांबलचक आहे: इंटरनॅशनल सोसायटी फॉर डेव्हलपमेंटल सायकोबायॉलॉजी. स्थापना 1967 ची. माणसाचं बाळ असो की उंदराचं पिल्लू, त्याचं वागणं गर्भापासून कसं घडत जातं, हे शोधणारी मंडळी तिथे आहेत. कुणी मेंदूवाले, कुणी मानसशास्त्रवाले, कुणी प्राणीशास्त्रवाले. मी पडले लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट, पण रोज माझ्यापुढे जे बाळ चटईवर ठेवतात, त्याचे सगळे प्रश्न याच मंडळींचे आहेत.

तुमचं ठरलेलं वाक्य, "ते रक्तातच असावं लागतं." त्यावर गिल्बर्ट गॉटलिब या संशोधकांची बदकं ऐका. अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू आपल्याच जातीच्या आईच्या हाकेकडे धावतं. याहून रक्तातलं काय असणार? गॉटलिबनी काही पिल्लांचा आवाज अंड्यातच, तो फुटायच्या आधी बंद केला आणि त्यांना इतर अंड्यांपासून दूर ठेवलं. ती बाहेर आली तेव्हा त्यांना बदकिणीची हाक कुठली आणि कोंबडीची कुठली, हे धड ओळखता येईना. म्हणजे कवचाच्या आत ती स्वतःचंच चिवचिवणं ऐकत होती आणि त्यावर कान तयार होत होता. रक्त आहेच हो बाबा, पण नुसत्या रक्ताने भागत नाही.

माणसाच्या बाळाचंही तसंच. 1980 मध्ये डीकॅस्पर आणि फायफर यांनी दाखवलं की तीन दिवसांच्या आतली बाळंही आपल्या आईचा आवाज ऐकू यावा म्हणून बोंडी चोखण्याची लय बदलतात. (आठव्या महिन्यापर्यंत मी लोकलने जात होते. तुमचा नातू "पुढील स्टेशन, मुलुंड" ऐकलं की रडायचा थांबतो. याला मी पुरावा म्हणत नाही, पण ह्यांना ऐकवते.)

आई, आता तुझ्या आवडीचं. तू सव्वा महिना त्याला पायांवर पालथा घालून, तळहात तेलात बुडवून, खांद्यापासून टाचेपर्यंत चोळायचीस आणि मी मागून "हळू गं" म्हणायचे. 1986 मध्ये टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना रोज तीन वेळा पंधरा-पंधरा मिनिटं चोळलं, हातपाय हलवले. दूध इतरांइतकंच घेऊनही त्यांचं वजन दिवसाला 47 टक्के जास्त वाढलं. त्याआधी सॉल शॅनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत आईपासून दूर केलेल्या उंदराच्या पिल्लांचं वाढीचं संप्रेरक खाली गेलेलं आढळलं होतं. ओल्या ब्रशने, आई चाटते तसं, जोराने चोळलं की ते पुन्हा वर यायचं. हलक्या हाताने उपयोग व्हायचा नाही. तेव्हा माझं "हळू गं" मी मागे घेते. कानात तेल घालणं मात्र बंद म्हणजे बंद.

आता वॉकर. नवजात बाळाला उभं धरलं की ते पावलं टाकतं, आणि दोनेक महिन्यांत ते थांबतं. पूर्वी म्हणत, मेंदूच तो प्रतिसाद दाबतो. 1984 मध्ये एस्थर थेलन आणि सहकाऱ्यांनी तान्ह्या बाळांना कोमट पाण्यात धरलं, आणि ती जास्त पावलं टाकू लागली! पाय गुटगुटीत झाले होते, तेवढी ताकद आली नव्हती, इतकंच. तेव्हा चालणं हे वयाचं बटण दाबून सुरू होत नाही. वजन, ताकद, तोल, जमीन, सगळं जुळून यावं लागतं. वॉकरमध्ये बाळ लोंबकळतं, बोटांच्या टोकांनी ढकलतं, तोल सांभाळायचं कामच त्याला उरत नाही. शिवाय वॉकर पायरीवरून गडगडतात. कॅनडाने 2004 पासून वॉकरच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. शेजारच्यांचा नातू त्यात बसून दहाव्या महिन्यात चालला, हे तुम्ही सांगालच. चालला असेल.

तुम्हाला द्यायचंच असेल तर माळ्यावरचा माझा लाकडी पांगुळगाडा द्या. चाकं घट्ट करून घ्या, खिळे बघा. पण तोही नातू स्वतःहून धरून उभा राहायला लागल्यावरच. सध्या तो पोटावर पुढे जायला धडपडतो आणि मागेच सरकतो, सोफ्याखाली जाऊन अडकतो आणि तिथून ओरडतो. ते बघायला या. मांडवीचं तिकीट काढा, ठाण्याला उतरा, ह्यांना घ्यायला पाठवते. येताना कोकमाचं आगळ आणा, इथे मिळतं ते नुसतं मीठ.

तुमची,
मीनू