साहेब, बुडालेलं वर काढायची घाई करू नका : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री साहेब, सप्रेम नमस्कार.

मी पैठण तालुक्यातला, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाच्या काठचा माणूस. समुद्र आमच्यापासून लई लांब, तरी पत्र बुडालेल्या जहाजांबद्दल लिहितोय, त्याचं कारण आधी सांगतो.

2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात गेलं तेव्हा माझ्या मामाच्या जुन्या गावाची जागा उघडी पडली. मामा 40 वर्षांनी त्या गाळात उभा राहिला. घरांच्या पायाचे दगड, रांजणाची खापरं, आणि जुन्या पात्राच्या कडेला एक होडी, अर्धीच वर दिसत होती. धरणाच्या आधी गोदावरी ओलांडायला होती तीच ही, मामानं लगेच ओळखली. फळ्या हाताला भिजलेल्या साबणासारख्या लागत होत्या पण लोखंडी खिळे जागच्या जागी होते. आम्ही काय केलं, एक फळी उपसली, ट्रॅक्टरमध्ये टाकली आणि अंगणात उन्हात ठेवली, वाळू दे म्हणून. पंधरा दिवसात ती वाकडी झाली, तडकली, हात लावला की सालपटं निघायची, आणि पावसाळा लागेपर्यंत भुगा. 40 वर्षं पाण्याखाली टिकलेली वस्तू आम्ही दोन महिन्यात संपवली साहेब, आणि ती पण जपायला म्हणून आणलेली.

नंतर वाचत गेलो तेव्हा कळलं की लाकूड वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की आतून पोखरतं आणि त्याला उभं धरून ठेवतं ते पाणीच, ते एकदम उडालं की लाकूड आत बसतं. स्वीडनचं वासा जहाज 1628 मध्ये बुडालं, 1961 मध्ये वर काढलं, आणि मग त्याच्यावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा, म्हणजे पाण्याची जागा घेऊन लाकडाला आतून धरून ठेवणाऱ्या मेणासारख्या रसायनाचा, फवारा 17 वर्षं चालू ठेवला. सतरा वर्षं! समुद्रातल्या लोखंडाचं तर आणखी अवघड, आत मुरलेलं मीठ काढलं नाही तर वर आणल्यावर ते गंजून फुटत राहतं. पाण्याखालच्या वारशाबद्दलच्या 2001 च्या युनेस्को करारात म्हणूनच लिहिलंय की पहिला विचार वस्तू जागेवरच ठेवायचा करा, आणि विक्रीसाठी काढूच नका. भारतानं त्या करारावर अजून मोहोर उठवलेली नाही, पण चांगलं पाळायला सही कशाला लागते.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलतो. सिंधुदुर्गच्या समुद्रात निवती रॉकजवळ आयएनएस गुलदार ही नौदलाची निवृत्त युद्धनौका बुडवून पाण्याखालचं म्युझियम करायचा प्रकल्प सरकारनं घेतलाय, पर्यटन वाढेल, चांगलंच आहे. पण विजयदुर्गच्या बंदरात फेब्रुवारी 1756 मध्ये तुळाजी आंग्र्यांचं आरमार इंग्रजांच्या हल्ल्यात जळालं, तिथं तळाला गाळात काय उरलंय याचाही नीट सर्व्हे करा, गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेला सोबत घ्या. काही सापडलं तर नकाशावर घ्या, फोटो घ्या, आणि प्रयोगशाळा तयार होईपर्यंत राहू द्या ना तिथंच.

आणि यात मराठवाड्याचा काय संबंध असं कुणी म्हणेल तर त्याला धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या तेरला पाठवा. लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी बाहुली आहे, तसल्याच घडणीची हस्तिदंती मूर्ती इटलीत पॉम्पेईच्या राखेत सापडली, आणि पॉम्पेई गाडलं गेलं इसवी सन 79 मध्ये. पेरिप्लस या जुन्या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर म्हणजे आपलं तेर, दोन्ही नावं आहेत, पैठणचे मौल्यवान खडे आणि तेरचं कापड गाड्यांवर लादून गुजरातच्या भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजात. मग त्यातलं एखादं जहाज कुठं बुडालं असेल तर त्यात आमचाच माल असणार की नाही? श्रीलंकेत गोडवाया इथं जवळपास 2000 वर्षांपूर्वीचं जहाज सापडलंय, काचेच्या लगडी आहेत त्यात, आणि ते पहिल्यांदा कळलं बुडी मारणाऱ्या स्थानिक लोकांना.

यावरून मुद्दा येतो, आणि माझं सगळ्यात मोठं मागणं हेच आहे. आधी सापडतं ते कोळ्याला, भोयाला, मेंढरं चारणाऱ्या पोराला, आणि तो सांगत नाही कारण त्याला पोलीस केसची भीती वाटते. आमच्याकडं गाळात नाणी सापडली की सरळ सोनाराकडं जातात, वितळली की विषय संपला. 1878 चा निधीचा म्हणजे गुप्तधनाचा कायदा म्हणतो की दहा रुपयांवरचा ठेवा सापडला तर कलेक्टरला कळवा, आणि सरकारनं घेतला तर किंमत आणि वर पाचवा हिस्सा जास्त द्यायचा. हे गावात कुणाला माहीतच नाही. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा, मच्छीमार सोसायटीत सांगा, सांगणाऱ्याचा 26 जानेवारीला सत्कार करा.

सुरुवात नाथसागरापासून करा. पाणी खाली गेलं की उघड्या पडलेल्या गावांची नोंद घ्यायला पुरातत्व खात्याचा एक माणूस आणि तलाठ्याकडं एक रजिस्टर, एवढं तरी येत्या उन्हाळ्याच्या आत व्हावं. ओली वस्तू ओलीच ठेवायला टाकी असलेली छोटी लॅब छत्रपती संभाजीनगरला झाली तर मुंबईपर्यंत जायची गरज पडणार नाही.

त्या फळीचे चार खिळे माझ्याकडं अजून आहेत, कापडात गुंडाळून डब्यात ठेवलेत. कुठं जमा करायचे तेवढं कळवा, मी स्वतः घेऊन येतो.

आपला,
नाथसागराच्या काठचा एक शेतकरी